खालच्या फळीची बाटली

लातुरात रेणापूर नाक्याच्या अलीकडे श्रीशैलची परमिट रूम आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'फॅमिली रेस्टॉरंट' असं लिहिलंय. पण तिथं कुणी बायकोला घेऊन आल्याचं मारोतीच्या पाहण्यात नाही, आणि मारोती तर तिथं श्रीशैलच्या बापाच्या वेळेपासून वेटर आहे. म्हणजे होता. ते पुढं येईलच.

मारोती स्वतः थेंबाला शिवला नाही. पौर्णिमेला विहारात बसून दारूपासून दूर राहण्याचं शील म्हणायचं आणि संध्याकाळी दुसऱ्यांचे पेले भरायचे, यावरून भावकीतले लोक त्याला टोमणे मारायचे. "मी पेत न्हाई, वाढतो," एवढं म्हणून तो गप्प बसायचा. गप्प बसणं हीच त्याची खरी नोकरी होती. पेले काय, कुणीही उचलून आणतो. पण घरी 'सोडली' म्हणून सांगून आलेला माणूस कोपऱ्यात बसलेला असतो, कोर्टात एकमेकांवर दावे लावलेले सख्खे भाऊ पाठीला पाठ लावून बसलेले असतात. कुणाची बायको काउंटरवर फोन करते. या सगळ्यांत वेटरनं काही पाहिलेलं नसतं, काही ऐकलेलं नसतं.

आणि टेबलावर काही बिनसलं, की दोष वेटरचा. गिऱ्हाइकाच्या हातून ग्लास फुटला, वेटरचं चुकलं. पाहुण्यांसमोर कुणाची मागची बाकी निघाली, वेटरनं दुसऱ्याच टेबलाचा हिशेब आणला. मालकानं सगळ्यांसमोर त्याला चार शिव्या द्यायच्या, त्यानं मान खाली घालून 'चुकलं साहेब' म्हणायचं, आणि जाताना त्या गिऱ्हाइकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. शिव्या मनावर घ्यायच्या नाहीत. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पण लातूरच्या सगळ्या परमिट रूममध्ये हे असंच चालायचं. मारोतीनं अशा इतक्या चुका अंगावर घेतल्या होत्या, की खरी स्वतःची कुठली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसरी रीत सीलची. बाटली हाफ असो की क्वार्टर, ती टेबलावर आणायची, लेबल गिऱ्हाइकाकडे करायचं आणि सील त्याच्या डोळ्यांसमोर फोडायचं. दारू पिणारा माणूस घरच्यांवर विश्वास ठेवील, वेटरवर ठेवणार नाही. झाकणाचा तो करकर आवाज ऐकला, की मगच तो खुर्चीत मागं रेलायचा.

सगळं बरं चाललं होतं असं नाही, पण चाललं होतं. मग पंचवीस सालच्या जूनमध्ये सरकारनं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. ज्याला आपण इंग्लिश म्हणतो त्या दारूवरचा कर थेट दीडपट झाला. परमिट रूमवरचा विक्रीकर वाढला होता, लायसनची फी वाढली होती, आणि आता हे. जुलैत राज्यभरच्या परमिट रूमवाल्यांनी एक दिवस शटर पाडून निषेध केला. श्रीशैलनंही पाडलं. त्या दिवशी मारोती घरी झोपून राहिला. सरकारची तिजोरी किती भरली ते मुंबईत बसणाऱ्यांना ठाऊक. इथं टेबलं मात्र रिकामी व्हायला लागली.

लोकांनी दारू सोडली असती तर मारोतीलाही बरं वाटलं असतं. पण सोडली कुणी? जो तो एक पायरी खाली उतरला. वरच्या फळीवरच्या बाटल्यांवर धूळ बसली, मधल्या फळीवरचे खालच्या फळीवर आले, आणि खालच्या फळीवरचे परमिट रूममधूनच उठले. ते दुकानातून क्वार्टर घ्यायचे आणि शेतात, प्लॉटिंगच्या मोकळ्या जागेत, नाहीतर गाडीच्या काचा वर करून प्यायचे. तिथं पंखा नाही, बर्फ नाही, पण विक्रीकरही नाही.

मग श्रीशैलनं कात्री काढली. फुकटचा चखणा बंद झाला. चखण्याचे हरभरे मारोतीची बायको पंचशीला घरून शिजवून, मीठ-मसाला लावून द्यायची, त्याचे चार पैसे यायचे. पातेलं पालथं पडलं. त्याच सुमारास मुलगा संघपाल नांदेडहून परत आला. तिकडं एका बाटल्या भरायच्या कारखान्यात तो कंत्राटावर होता. मालाचा उठाव कमी झाला, दोनाची एक पाळी झाली, आणि कंत्राटी पोरांना 'बोलावू तेव्हा या' सांगून घरी पाठवलं. मुलगा बाटल्या भरायचा आणि बाप रिकाम्या करायला द्यायचा, असं पंचशीला पूर्वी हसून म्हणायची. आता ती ते म्हणत नव्हती. घर एकट्या मारोतीच्या नोकरीवर आलं होतं.

दसऱ्याच्या आधी श्रीशैलनं दोन्ही वेटरना बोलावून सांगितलं, "दिवाळीनंतर एकच मानूस ठेवू शकतो मी. बघा, मलाच झोप येईना गेलीय."

दुसरा वेटर बालाजी. मुदखेडकडचा, वयानं बराच लहान, हसरा आणि चपळ. घरी दोन लहान पोरी. तो मारोतीला मामा म्हणायचा. त्या दिवशी भांडी घासायच्या मोरीपाशी उभा राहून तो म्हणाला, "मामा, माझंच तिकीट कटनार. जुनी गिऱ्हाइकं तुमच्या नावानं येतेत."

मारोतीला त्याच्याकडे बघवलं नाही. पण बालाजीचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे याचा मारोतीला आनंद झाला होता. या वयात दुसरीकडं कोण उभं करतंय? सगळीकडंच माणसं कमी करणं चाललेलं. आपण राहणार, बालाजी जाणार, हे त्यानं मनात धरलं आणि त्याची त्याला लाजही वाटली.

जुनी गिऱ्हाइकं म्हणजे मुख्यतः भागवतअण्णांचं टेबल. अण्णा मूळचे मुरुडचे, लातूरच्या मार्केट यार्डात आडत. दर बुधवारी ते तीन-चार मित्रांना घेऊन यायचे आणि सगळ्यांचं स्वतः द्यायचे. दुसऱ्या कुणी खिशात हात घातला तर ते भांडायचे. वरच्या फळीवरच्या एका बाटलीचं नाव ते घेतसुद्धा नसत. 'आपली न्हेमीची' म्हणायचे आणि मारोती ती आणून सील फोडायचा. अण्णांचा मान म्हणजे ती बाटली.

यंदा पावसानं सोयाबीनची पार माती केली होती. आडतीला मालच कमी, आणि जो आला तो भिजका. त्यात बाटलीची किंमत कुठल्या कुठं गेलेली. एका बुधवारी अण्णा हात धुवायच्या निमित्तानं उठले आणि बेसिनपाशी मारोतीला हळूच म्हणाले, "मारोती, आजपासून खालच्यातली आन. पेग भरूनच आन, बाटली नको. आन् टेबलावर कायी बोलू नको."

"हाव अण्णा," मारोती म्हणाला. त्यानं विचारही केला नाही. काउंटरवर श्रीशैलनं खालच्या फळीची बाटली काढून पेग मापून दिले. त्यानंही काही विचारलं नाही. पैसे अण्णा काउंटरवर जाऊन स्वतः द्यायचे, खालच्या बाटलीच्या भावानं. मान राहिला, गिऱ्हाईक राहिलं, कुणाचं काही बिघडलं नाही.

एकदा गुरुपादप्पांनी विचारलं खरं. हे अण्णांचे जुने मित्र. डाळीची मिल आहे. आवाज असा, की एका टेबलावर बोलले तर चार टेबलांना ऐकू जावं. "कामून रे मारोती, आजकाल सील फोडीना गेलास?"

"मोठ्या बाटलीतून देऊन राह्यलो अप्पा, आता असंच करायलोत," मारोतीनं ठोकून दिलं. अण्णांनी त्याच्याकडं पाहून किंचित मान हलवली. पुढचे काही बुधवार निभावले.

दिवाळी आठवड्यावर आली होती. दिवेलागणीची वेळ, निम्मी टेबलं रिकामी. मारोतीनं अण्णांच्या टेबलावर पेले ठेवले. गुरुपादप्पांनी घोट घेतला, तोंडात घोळवला आणि पेला खाली ठेवला.

"ही ती न्हाई."

"ती न्हाई म्हंजी?" दुसरा एक जण म्हणाला.

"म्हंजी ती न्हाई! मागच्या बुधवारीबी मला शंका आली होती. अण्णा, हे लोक तुमाला लुबाडून राह्यलेत. पैसे वरचीचे आन् माल खालचा!"

सगळे अण्णांकडं बघायला लागले. अण्णांनी मारोतीकडं पाहिलं. आता ते हसतील, काहीतरी गमतीवर नेतील, असं मारोतीला वाटलं. पण अण्णांची नजर पेल्यात गेली आणि तिथंच राहिली. त्यांना काय म्हणता येणार होतं? की मित्रांनो, मीच तुम्हाला नाव वरचीचं सांगून खालची पाजतोय? मुरुडचे भागवतराव हे बोलले असते तर त्यांना पुन्हा मार्केट यार्डात मान वर करून चालता आलं नसतं. मारोतीला हे सगळं कळलं, आणि त्यानं तेच केलं जे तो आयुष्यभर करत आला होता.

"चुकलं अप्पा," तो म्हणाला. "माझ्याच्यानं बाटली बदलली."

"एकडाव बदलली व्हय रं? का रोजच बदलतूस?" अप्पा उभेच राहिले. "श्रीशैल! इकडं ये! लावू का फोन एक्साइजवाल्यास्नी?"

श्रीशैल धावत आला. हात जोडले, मारोतीला भरपूर शिव्या दिल्या, नवे पेले आणवले, वरच्या फळीवरची बाटली काढून तिचं सील स्वतः फोडलं आणि पैसे घेणार नाही म्हणाला. मारोती आत मोरीपाशी जाऊन पाणी प्यायला. शिव्या रीतीप्रमाणे होत्या, त्याला काही वाटलं नाही. बालाजी तर हळूच हसला, म्हणाला, "मामा, आज लईच जोरात झालं." फक्त जाताना अण्णा नेहमीसारखे त्याच्याजवळ थांबले नाहीत. मारोती दाराशी उभा होता, ते त्याच्या बाजूनं निघून गेले. गडबडीत असतील, असं त्यानं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीशैल म्हणाला, "मामा, बसा."

इतक्या वर्षांत त्याला त्या जागेत कुणी बसा म्हटलं नव्हतं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

"मला म्हायती हाय तुमी कायी केलं न्हाई," श्रीशैल म्हणाला. "पेग मीच मापून देत होतो की."

"मग?"

"पन तुमी समद्यांसमोर कबूल केलं, मामा. अर्ध्या यार्डात बोभाटा झाला. तुमाला ठेवलं तर लोक म्हनतेल, श्रीशैलच मिसळायला लावतो. मिसळनं म्हंजे लायसनवर येतंय. आन् एक मानूस तर कमी करायचाच होता." त्याच्या आवाजात राग नव्हता. तोही थकलेलाच दिसत होता. "बालाजीवर कायी आळ न्हाई."

"मालक, मी आजवर कितीदा असं कबूल केलंय."

"केलंय की. तवा धंदा होता. तवा खपून जायचं."

मारोतीनं खांद्यावरचं फडकं काढून मांडीवर त्याची घडी केली. मग म्हणाला, "अण्णांनी शब्द टाकला तर?"

"अण्णांनी फोन करून नुसतं म्हनलं, की मारोतीची चूक न्हाई, तर तुमी राहता. बालाजीला मी सांगतो." एवढं बोलून श्रीशैल काउंटरमागं गेला. मोरीकडच्या दारात बालाजी फडकं घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. मारोती उठून गेला तरी तो जागचा हलला नाही.

मारोती आधी कामासाठी दोन-तीन ठिकाणी फिरून आला. स्टँडजवळच्या एका मॅनेजरनं, जो पूर्वी मारोतीच्याच हाताखाली शिकला होता, नजर चुकवत सांगितलं, "ऐकलंय मामा. आमचे मालक घेनार न्हाईत." बातमी त्याच्या आधी पोचली होती. मिसळणारा वेटर म्हणून त्याचं नाव झालं होतं, आणि हे नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं लावून घेतलं होतं. पंचशीला रात्री त्याला एकच म्हणाली, "लोकाची अब्रू झाकता झाकता स्वतःची उघडी टाकून आलात." मग तिलाच वाईट वाटलं आणि तिनं त्याला जेवायला वाढलं. सकाळी निघताना म्हणाली, "आन्नाकडं जावा. त्येंना बोलाया लावा. बोलले की फोन करा."

मार्केट यार्डात भिजक्या सोयाबीनचा कुबट वास भरला होता. अण्णा आडतीवर गादीला टेकून बसलेले. समोर गुरुपादप्पा चहा पीत होते. त्यांना पाहून मारोती पायरीशीच थांबला. अण्णा एकटे असते तर बरं झालं असतं.

अण्णांनी त्याला पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा पडला. मग ते मोठ्यानं म्हणाले, "ये मारोती, ये. भिऊ नको. मानसाच्या हातून चूक होती. मी तुला माफ केलं. अप्पा, तुमीबी सोडून द्या आता. जुना मानूस हाय."

मारोती तिथंच उभा राहिला. शिव्यांचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. पण ही माफी त्याला सोसली नाही. त्याला राग आला, आणि तो राग आहे हे कळायलाही त्याला वेळ लागला. इतकी वर्षं या माणसांसमोर राग आणायचा नाही असंच शरीराला वळण पडलेलं.

"अण्णा," तो म्हणाला, "मी कायी मिसळलं न्हाई. खालची आन म्हनून तुमीच सांगटलं होतं. बेसिनपाशी."

आवाज त्याचा नेहमीचाच, हळू. पण हमालसुद्धा पोतं खांद्यावर घेऊन थांबला. अण्णांचा हात गादीवरून घसरला. त्यांनी समोरची वही उगाच उघडली, आणि त्यातच सगळं आलं.

गुरुपादप्पांनी चहाची कपबशी खाली ठेवली. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "अण्णा, मला वाटलं तुमाला फसवून राह्यलेत. म्हनून वरडलो. मला चव कशी कळली म्हनता? घरी मी तीच पेतो की. तीन म्हैने झाले. वरची परवडती कुनाला आता?"

दोघं म्हातारे एकमेकांकडं बघत बसले. मारोती उभाच होता. कुणाला त्याला बस म्हणायचं सुचलं नाही.

"अण्णा, श्रीशैलला एक फोन करा," तो म्हणाला. "मारोतीची चूक न्हाई, एवढंच सांगा."

अण्णांनी फोन हातात घेतला. नंबर शोधला. मग फोन मांडीवर ठेवून ते म्हणाले, "काय सांगू मारोती? की मीच दोस्तांना फसवलं? समदं लातूर हसंल. आन् फोन केला तरी श्रीशैल म्हनंल, मग बुधवारी या. आमी आता कुठं येनार? बैठक मोडलीच समज." ते थांबले. "उद्या बघतो. उद्या करतो फोन."

हे 'उद्या' कसलं असतं ते मारोतीला ठाऊक होतं. कित्येक गिऱ्हाइकांच्या 'उद्या'ची त्यानं वाट बघितली होती. अण्णांचा चेहरा एका घटकेत वाळून गेल्यासारखा झाला होता. खरं बोलल्याचं समाधान मारोतीला झालं नाही. परवा काही न करता तो चोर ठरला होता, पण झोप शांत लागली होती. आज मात्र खरोखरच कुणाच्या खिशात हात घातल्यासारखं त्याला वाटलं. गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर न नेणं, एवढी एकच वस्तू आयुष्यभरात त्याची स्वतःची म्हणून जमली होती. तीही आज गेली, आणि तिच्या बदल्यात काहीच मिळालं नाही.

"येतो अण्णा," तो म्हणाला. सवयीनं त्यानं रिकामे कप उचलले आणि कोपऱ्यातल्या बादलीपाशी ठेवले.

यार्डाच्या फाटकाबाहेर येईपर्यंत पंचशीलाचाच फोन आला.

"बोलले का आन्ना?"

"न्हाई," मारोती म्हणाला. "मीच बोललो."

पलीकडं पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं केलंत. या आता घरी."

तो बरं म्हणाला, पण फाटकाशीच उभा राहिला. परमिट रूम उघडायची वेळ झाली होती, आणि पाय अजून तिकडंच वळत होते.